सावडीचा रकाना

एम. एस्सी.च्या पहिल्या वर्षी मला जी असिस्टंटशिप मिळाली, ती आधी नामंजूर झाली होती. नामंजूर होण्याचं कारण मी स्वतःच, सुवाच्य अक्षरात, निळ्या शाईने लिहून दिलं होतं. याला फार वर्षं झालेली नाहीत, पण अजून कोणी मला फॉर्म भरायला मदत मागितली की मी आधी ‘अन्य कामा’चा रकाना बघते.

माझं घर पासलीला. वेल्हे तालुक्यातलं डोंगरातलं गाव, भाताची खाचरं, त्यापलीकडे सांगण्यासारखं फारसं काही नाही. अकरावीपासून मी भोरजवळ उत्रोलीला आत्याकडे राहत होते, कारण पासलीहून कॉलेजला रोज यायचं म्हणजे तीन गाड्या बदलायच्या आणि त्यातली एक तरी चुकायची. बी. एस्सी. वनस्पतिशास्त्रात झालं, पहिला वर्ग मिळाला. पुढे काय, यावर घरात चर्चा झाली नाही. वडिलांनी फक्त परिस्थिती सांगितली. वरवे बुद्रुकजवळच्या एका कंपनीत पॅकिंगमध्ये माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती, आणि ती जूनअखेरपर्यंतच थांबणार होती. एम. एस्सी. करायचं तर फी आणि राहण्याचा खर्च कॉलेजातूनच निघायला हवा होता. नाही निघाला तर पॅकिंग. वडिलांच्या बोलण्यात दमदाटी नव्हती. एसटीची वेळ सांगावी तसं त्यांनी सांगितलं.

त्याच वर्षी आमच्या विभागाला एका माजी विद्यार्थ्याने निधी दिला होता. हे गृहस्थ अमेरिकेत स्थायिक झालेले. तिथल्या विद्यापीठात त्यांनी स्वतः असिस्टंटशिप करून एम. एस. केलं होतं, आणि तशीच सोय आपल्या कॉलेजात असावी अशी त्यांची इच्छा. एम. एस्सी.च्या दोन विद्यार्थ्यांना नेमायचं. त्यांनी बी. एस्सी.च्या प्रात्यक्षिकांना मदत करायची, आठवड्याला बारा तास. त्याबद्दल फी माफ आणि दरमहा विद्यावेतन. निधी तिकडून आला तसे नियमही तिकडूनच आले, भाषांतर होऊन. फलकावर चार अटी होत्या. बी. एस्सी.ला पहिला वर्ग. पूर्णवेळ प्रवेश. आधीच्या कोणत्याही सत्रात एकही विषय राहिलेला नाही. आणि चौथी: ‘उमेदवार नेमणुकीच्या काळात मोबदला असलेल्या अन्य कोणत्याही कामात गुंतलेला नसावा.’

पहिल्या तीन अटी वाचून मला आनंद झाला. चौथी मी वाचली, आणि ती आपल्याला लागू आहे असं मनातही आलं नाही. मी कुठे नोकरीला होते?

फॉर्म चार पानी होता. तो भरताना शेजारी आतोबा बसले होते, म्हणजे आत्याचे यजमान. आतोबांची सगळी हयात एका सरकारी कचेरीत शिपाई म्हणून गेली. अर्ज परत कसे जातात हे त्यांनी इतकं जवळून पाहिलं होतं की आमच्या घरात कोणताही कागद त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. त्यांचा एकच कायदा होता.

“रकाना रिकामा ठिवायचा न्हाई,” ते म्हणाले. “रिकामा दिसला की सायेब कागद बाजूला टाकतो. काय बी असंल, पर भरायचा.”

त्याप्रमाणे मी भरत गेले. तिसऱ्या पानावर रकाना आला: ‘सध्या करीत असलेले अन्य काम व कालावधी.’ मी पेन उचलून विचार करत बसले. आतोबा खाकरले. मला खोटं बोलायचा कंटाळा आहे. यात सद्गुण काही नाही. खोटं नंतर लक्षात ठेवावं लागतं, त्याचा कंटाळा. मी खरोखर काय काम करते, हे आठवून मी लिहिलं: ‘भातलावणी (सावड). जुलै, सुमारे पंधरा दिवस.’

आतोबांनी चष्म्यातून वाचलं आणि मान हलवली. “झ्याक. भरला.”

सावड काय असते हे आमच्याकडच्या कोणाला सांगावं लागत नाही. डोंगरउतारावरची खाचरं लहान, पण रोप तयार झालं आणि खाचरात पाणी आलं की लावणी त्या दोनतीन दिवसांतच उरकावी लागते, आणि एका घराच्या हातांनी ती उरकत नाही. म्हणून सातआठ घरं एकत्र येतात. आज सगळी तुमच्या खाचरात, उद्या सगळी आमच्या. आपण प्रत्येक घराला जेवढी माणसं देऊ तेवढीच त्या घरातून आपल्याकडे येतात. आमच्या घराची माणसं तीन धरत: आई, वडील आणि मी. बारावीत गेले तेव्हा मला पूर्ण माणूस धरायला लागले. बारावी पास झाल्यापेक्षा मला त्याचं जास्त कौतुक वाटलं होतं, हे आज सांगायला हरकत नाही. कॉलेजला असतानाही जुलैत मी पंधरा दिवस पासलीला जात असे. प्राध्यापक रागावत, मी ऐकून घेत असे.

मुलाखतीला दोघं जण होते. एक आमच्या विभागप्रमुख बाई, ज्यांनी मला तीन वर्षं शिकवलं होतं. दुसरे देणगीदारांचे थोरले भाऊ, पुण्याहून आलेले. बँकेतून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी माझा फॉर्म अक्षर न् अक्षर वाचलेला होता. फॉर्म असा वाचणारा माणूस मी तोपर्यंत आतोबांखेरीज पाहिला नव्हता.

“हे तिसऱ्या पानावर,” ते म्हणाले, “भातलावणी म्हणजे कळलं. सावड म्हणजे काय?”

मी सांगितलं.

“पैसे मिळतात?”

“नाही सर.”

“जेवण?”

“ज्याचं खाचर त्याच्याकडे दुपारची भाकरी असते.”

त्यांनी काही तरी टिपून घेतलं. “आणखी काय मिळतं?”

“मिळत काही नाही. आम्ही त्यांच्याकडे गेलो की ते आमच्याकडे येतात.”

“म्हणजे तुमच्या कामाचा मोबदला म्हणून ते काम करतात.”

मी विचार केला. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. शास्त्र शिकण्याचा एक तोटा असा, की समोरचा बरोबर बोलला तर तसं कबूल करायची सवय लागते.

“हो सर,” मी म्हणाले.

“आणि ते आले नाहीत तर?”

“तर आम्ही पुढच्या वर्षी जाणार नाही.”

“म्हणजे मोबदला आहेच,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खोच नव्हती. उलट एक गोष्ट नीट समजल्याचं समाधान होतं. “अट क्रमांक चार.”

दुसऱ्या दिवशी फलकावर यादी लागली. दोन जागा होत्या. एकीवर वर्गातली एक मुलगी पात्र. दुसरीसमोर मी: ‘अपात्र (अट ४). सावडीस जाणार नाही असे हमीपत्र आठ दिवसांत दिल्यास फेरविचार.’ दोन मुलं यादीसमोर उभी राहून सावड हा कोणता आजार असेल याची चर्चा करत होती.

बाईंनी मला आत बोलावलं. त्या चिडलेल्या होत्या. माझ्यावर की पांढऱ्या शर्टावर, ते कळत नव्हतं.

“अगं, निरंक लिहायचं,” त्या म्हणाल्या. “सगळं जग निरंक लिहितं.”

संध्याकाळी आतोबांना हे सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

“निरंकच लिवायचं असतं की! त्यो बी शब्दच हाय, त्येनं बी रकाना भरतो.”

“तुम्हीच म्हणालात, रिकामा ठेवायचा नाही.”

“रिकामा ठिवू नगंस म्हनलो. खरं लिही, असं म्या कवा म्हनलो?”

आत्या आतून हसली. मला हसू आलं नाही. पॅकिंगची जागा हातची जायला बारा दिवस उरले होते आणि हमीपत्राची मुदत संपायला आठ. मी शनिवारी पासलीला गेले.

सावडीची मोजणी दर वर्षी थोरल्या काकींच्या पडवीत होते. काकी आमच्या शेजारच्या घरातल्या. वयाने आणि मानाने सगळ्यांत मोठ्या. त्यांना लिहिता येत नाही, आणि त्यांची मोजणी चुकलेली मला माहीत नाही. त्या दिवशीही बायका जमल्या होत्या. काकी मशेरी लावत एकेका घराकडे बोट करत होत्या आणि ज्या त्या घरची बाई आकडा सांगत होती. येताना गाडीत मी बरंच भाषण तयार केलं होतं. आमच्या घराकडे बोट आलं तेव्हा त्यातलं एक वाक्य तोंडातून बाहेर पडलं.

“काकी, माजं औंदा जमायचं न्हाई. कॉलेजात हमी द्यायची हाय.”

“कसली हमी?”

“सावडीला जानार न्हाई, अशी.”

एक बाई फिसकन हसली. “त्येची बी हमी लागती व्हय? आमच्या घरचा न देताच जाईना झालाय.”

सगळ्या हसल्या. काकींनी तोंडातली मशेरी पडवीखाली थुंकली. “फी माफ हुतीया का त्येनं?”

“व्हय. आन म्हैन्याला पैकं बी.”

“मंग दे की हमी. त्यात काय इचारतीस?” मग आईकडे बोट करून त्या म्हणाल्या, “तुमची दोन,” आणि बोट पुढच्या घराकडे गेलं.

एवढंच. कोणी तरी भांडेल असं मला वाटलं होतं. कोणी भांडलं असतं, टोमणा मारला असता, तर मला बरं वाटलं असतं. माझी उत्तरं तयार होती. ती तशीच घेऊन मी आईच्या मागून घरी निघाले.

“तुला जड जाईल,” मी आईला म्हणाले.

“जाईल की.”

“मग?”

“मंग काय? कंपनीत पुडकी बांदायला गेली आसतीस, तरी लावनीला कुठं येनार हुतीस? तितं काय रजा देत्यात?” आई चालता चालताच बोलत होती. “सही कर. सही करून हात न्हाई दुकत.”

हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. असिस्टंटशिप मिळाली तरी मी सावडीतून जाणार होते, न मिळाली तरी जाणार होते. मग हमीपत्रावर सही करताना मला एवढं अवघड का वाटत होतं? बहुधा म्हणूनच, की दुसऱ्या वाटेने गेले असते तर ते आपोआप झालं असतं. इथे ते लिहून द्यायचं होतं.

हमीपत्राचा मजकूर बाईंनी केला. ‘नेमणुकीच्या काळात मी सावड अथवा तत्सम परस्पर श्रमविनिमयाच्या कोणत्याही व्यवस्थेत सहभागी होणार नाही.’ श्रमविनिमय हा शब्द त्यांनी स्वतः घडवला होता आणि त्यांना तो आवडलेला दिसला. साक्षीदार म्हणून आतोबांनी सही केली. एकही रकाना रिकामा नाही, हे त्यांनी दोनदा तपासून पाहिलं. चौथ्या दिवशी नेमणुकीचं पत्र हातात पडलं. वडिलांनी वरव्याला फोन करून जागा सोडल्याचं कळवलं. मी त्या रात्री गाढ झोपले. मला आनंद झाला होता आणि तो मी लपवला नाही.

काम मला आवडलं. प्रयोगशाळेत बारा सूक्ष्मदर्शक होते, त्यातले नऊ धड. प्रात्यक्षिकाच्या आधी जाऊन ते पुसायचे, रंगद्रव्याच्या बाटल्या भरायच्या, खोडांचे पातळ काप कसे घ्यायचे ते पहिल्या वर्षाच्या मुलांना दाखवायचं, वह्या तपासायच्या. माझी बोटं कायम लाल असत. पहिल्या वर्षाची मुलं मला मॅडम म्हणत, आणि दोन आठवड्यांत मी त्याला ओ द्यायला लागले. रोज हजेरीवहीत लिहायचं: तारीख, वेळ, कामाचं स्वरूप, सही. महिनाअखेरीला देणगीदारांचे भाऊ येऊन प्रत्येक नोंद बघून खाली सही करत.

जुलैच्या मध्याला बाईंनी एक नवीन प्रात्यक्षिक काढलं. भाताचं रोप वेगवेगळ्या अंतरावर लावलं तर फुटवे किती फुटतात, ते कुंड्यांत लावून मुलांना दाखवायचं. कुंड्या वीस. रोप कुठून आणायचं हा प्रश्नच नव्हता.

“तुझ्याकडूनच मागव,” बाई म्हणाल्या.

आईने ओल्या पोत्यात गुंडाळून रोपाच्या मुठी एसटीत ठेवून दिल्या. मी भोरच्या स्टँडवर जाऊन त्या उतरवून घेतल्या. मुठी बांधलेल्या पेंढ्याला आईच्याच हाताचा पीळ होता. तो मी बोटांनी चाचपून बघायला लागले. मग कंडक्टर म्हणाला, “न्यायचंय ना, ताई?”

विभागामागच्या शेडमध्ये मी त्या वीस कुंड्या लावल्या. अंगावर पांढरा कोट, पायात चपला, डोक्यावर पत्रा. मुलं भोवती उभी राहून मोबाईलवर फोटो काढत होती. एकीने विचारलं, “मॅडम, तुम्हाला इतकं पटापट कसं येतं?” मी म्हटलं, सवय. मग आत जाऊन हजेरीवहीत लिहिलं: ‘कामाचे स्वरूप: भातलावणी. वेळ: दोन तास.’

महिनाअखेरीला भाऊ आले. वही त्यांच्यासमोर होती आणि मी टेबलापलीकडे उभी होते. त्यांचं बोट एकेका ओळीवरून खाली सरकत त्या ओळीवर आलं. ते मान वर करतील याची मी वाट बघत होते.

“दोन तास पूर्ण?” त्यांनी विचारलं.

“पूर्ण सर.”

बोट पुढे सरकलं. खाली त्यांनी सही केली. मला त्या वेळी भयंकर राग आला. तो कोणावर, हे मी अजून नीट ठरवू शकलेले नाही. माणूस नियमाने बरोबरच होता.

त्याआधीच्या एका रविवारी मी पासलीला गेले होते. लावणी संपत आली होती आणि आमचंच खाचर शेवटी राहिलं होतं. दोन माणसं देणाऱ्या घराचं काम उशिरा होतं, हे कोणी बोललं नाही, पण तसंच होतं. आईच्या पायांना चिखल्या झाल्या होत्या. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटल्या होत्या. तिने हळदतेल लावून वर चिंधी बांधली होती आणि तशीच चिखलात उतरली होती. मी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तिच्या मागोमाग खाचरात गेले. बायकांची ओळ वाकून मागे मागे सरकत होती. माझी जागा आईच्या डाव्या हाताला असायची. तिथे मोकळी फट असेल, अशी माझी समजूत होती. फट नव्हती. ओळ सारखी करून घेतलेली होती.

काकी ओळीच्या टोकाला होत्या. त्या कमरेत ताठ झाल्या. “तू कुठं निगालीस गं?”

“लावायला.”

“सही क्येलीस न्हवं?”

“व्हय, पन आज रईवार हाय. आन ह्ये आमचंच खाचर हाय.”

“बापाच्या खाचरात लाव की, तुला कोन नगं म्हनतंय? पर वळीत यिऊ नगंस. वळ सावडीची हाय.” आणि त्या पुन्हा वाकल्या.

कॉलेजने मला एका पानावर बांधून घेतलं होतं. काकींनी त्या पानाला कॉलेजपेक्षा जास्त मान दिला. मी वरच्या कोपऱ्यात, बांधाच्या वळणात, जिथे ओळ बसत नाही असा एक तुकडा होता तो एकटीने लावला. ओळ खाली होती. तिच्यात बायका काही तरी बोलून हसत होत्या. वाक्य सुरू व्हायचं ते ऐकू यायचं, हसू ऐकू यायचं, मधलं यायचं नाही. सावडीत मला आवडायचं ते हेच मधलं, हे मला तेव्हा कळलं. चार तासांनी पाठ धरली. मी बांधावर बसले.  भाकरी मला सगळ्यांच्या आधी वाढली, पाहुणीला वाढतात तशी.

वर्ष पार पडलं. परीक्षा चांगली गेली. दुसऱ्या वर्षासाठी नेमणूक पुढे चालू ठेवायची तर पुन्हा फॉर्म भरायचा होता, आणि या वेळी तो घेऊन देणगीदारांचे भाऊ स्वतः आले. बाईंनी वर्षभर पत्रं लिहून, फोन करून त्यांना आणि अमेरिकेला भंडावून सोडलं होतं, हे मला माहीत नव्हतं. भाऊंनी तिसरं पान उघडून माझ्यासमोर धरलं.

“हे तुमच्यामुळे,” ते म्हणाले.

अट चारखाली नवीन ओळ आली होती: ‘सावड वगळून.’ आणि खाली स्वतंत्र रकाना: ‘सावड: किती दिवस? (वीस दिवसांपर्यंत मान्य. कामाचे तास नंतर भरून द्यावेत.)’ त्यांनी वेल्ह्याला एका ओळखीच्या घरी जाऊन, दिवसभर बसून हे समजून घेतलं होतं. तिकडचा नियम जसाच्या तसा उचलताना आपल्याकडून चूक झाली, असं ते म्हणाले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस मला हे सांगत होता. वर्षभर मी त्यांच्याविषयी मनात जे जे बोलले होते, त्याची मला लाज वाटली. मी इतकी खूश झाले की आभार मानताना माझं वाक्य दोनदा चुकलं. फॉर्म कोराच पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवशी पासलीची गाडी धरली. मोजणी त्याच आठवड्यात होती.

काकींची पडवी तशीच होती, बायका त्याच. एक चेहरा नवा होता. शेजारच्या घरात सून आली होती, ती जरा मागे डोक्यावर पदर घेऊन बसली होती. काकींचं बोट आमच्या घरावर आलं.

“तुमची दोन.”

“तीन,” मी म्हणाले. “औंदा मला मोकळीक दिलीया कॉलेजनं. लिवून दिलंय तसं.” पिशवीतून फॉर्म काढून मी रकाना दाखवलासुद्धा. काकींनी तो हातात घेतला, उलटा धरला, मागून बघितला आणि परत दिला.

“ब्येस झालं,” त्या म्हणाल्या. “पर दोनच ऱ्हाऊ दे.”

“का?”

“आगं, तुमची तीन झाली की तुमच्या खाचराला समद्यांना एकेक मानूस वाडवाय लागतं. कुनाकडं हाईत औंदा मानसं? ह्यांचा पुन्याला, त्यांचा कंपनीत. शेजारची सून आली म्हनून कशी तरी वळ बसलीया.” मग त्या थांबल्या, आणि माझ्याकडे नीट बघून, पहिल्यापेक्षा हळू आवाजात म्हणाल्या, “आन औंदा येशील गं तू. फुडल्या साली कुठं आसशील? सावड एका सालाची नसती.”

ही अट मला माहीत होती. जन्मल्यापासून पाळत आले होते, म्हणून ती अट आहे हे कधी लक्षात आलं नव्हतं. पुढच्या साली मी कुठे असेन? कुठेही असले तरी पासलीत नसेन, हे पडवीतल्या प्रत्येक बाईला माझ्याआधी समजलेलं होतं. हमीपत्र, वर्षाची मुदत, मोकळीक, हे सगळं मी धरून बसले होते. त्यांनी माझं जाणं त्याच दिवशी कायमचं धरलं होतं, ज्या दिवशी मी पहिल्यांदा ‘जमायचं न्हाई’ म्हणाले.

मी आईकडे बघितलं. ती काही बोलेल असं मला वाटलं. गेल्या वर्षी तिच्याच पायांना चिखल्या झाल्या होत्या. तिसरा हात तिलाच हवा होता. आई बांगडी मागे सारत जमिनीकडे बघत होती.

“दोनच धरा, काकी,” ती म्हणाली.

बोट पुढच्या घराकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी उत्रोलीला आतोबांच्या शेजारी बसून मी फॉर्म भरला. शिक्षण, टक्केवारी, हजेरी, सगळं भरत तिसऱ्या पानावर आले. ‘सावड: किती दिवस?’ हा रकाना माझ्यामुळे छापला गेला होता. तिथे मी लिहिलं: निरंक.

आतोबांनी चष्मा लावून वाचलं. त्यांचा चेहरा उजळला. “आता कसा बराबर भरलास!”

मी फॉर्मची घडी करून पिशवीत ठेवली. आत्याने जेवायला हाक मारली तेव्हा तिला म्हणाले, माझं डोकं दुखतंय. डोकं दुखत नव्हतं.